ध्वजस्तंभाची जागा

४ जानेवारी २०२६, रविवार

रोज लिहायचं असं सरपंच झाल्यावर ठरवलं होतं, पण रोज जमत नाही. ज्या दिवशी काही घशात अडकून राहतं त्या दिवशी ही डायरी उघडते.

आज दुपारी तांड्यातल्या बायांसोबत हरभऱ्याची भाजी खुडत होते. एकीनं विचारलं, "शिला, या सव्वीस जानेवारीला तरी झेंडा तू उघडशील, का पुन्हा अमृतरावच?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. घरी आल्यावर मात्र जेवण जाईना.

पंधरा ऑगस्टला मी नवी साडी नेसून गावात ग्रामपंचायतीसमोर उभी होते. उपसरपंच अमृतराव पुढं आले. "ताई, दोरीला गाठ बसती, तुमाला जमायचं न्हाई," म्हणाले आणि स्वतःच दोरी ओढली. मग फोटोपुरतं टोक माझ्या हातात दिलं. माझा नवरा जगन मागं उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं तर हळूच म्हणाला, "जाऊ दे."

ग्रामपंचायत एकच, पण गाव वेगळं आणि आमचा भावसिंग नाईक तांडा वेगळा, मधे ओढा. सरपंचपद या वेळी राखीव सुटलं म्हणून तांड्याच्या वाट्याला आलं. तांड्यावर शाळा आहे, पण झेंडा आजवर लागलेला नाही. लेकरं वर्षातून दोनदा ओढा ओलांडून गावात जातात आणि सगळ्यांत मागं उभी राहतात. मीसुद्धा तशीच उभी राहिलेली आहे.

या सव्वीस जानेवारीला तांड्याच्या शाळेसमोर आपला झेंडा लागेल. गावातला हवा तर अमृतरावांनी उघडावा.

७ जानेवारी

मासिक सभेत विषय मांडला. अमृतराव खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "एका ग्रामपंचायतीला एकच झेंडा ऱ्हाते ताई. देश एक, झेंडा एक."

मी म्हणाले, "कळमनुरीत तहसीलवर झेंडा हाय, पंचायत समितीवर हाय, ठाण्यावर हाय. तिथं कितीक देश हायत मग?"

कुणीतरी खोकला काढला. ग्रामसेवक विश्वंभर साहेबांनी मान खाली घालूनच सांगितलं की नियमात बसतं, शाळेवर झेंडा लावता येतो. ठराव झाला. हात वर करताना अमृतरावांनी माझ्याकडं पाहिलं नाही, जगनकडं पाहिलं. जगन सदस्य नाही, तरी सभेला दारात बसून राहतो.

१२ जानेवारी

शाळेत जिजाऊ जयंती होती. कार्यक्रम संपल्यावर पल्लवी मॅडमनी आम्हा बायांना थांबवून घेतलं. त्या कळमनुरीहून स्कूटीवर येतात. आवाज लहान, पण सांगतात असं की समजतं. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, कारण त्या दिवशी देश मोकळा झाला. सव्वीस जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, नुसता उघडायचा, कारण त्या दिवशी आपली घटना लागू झाली. दिल्लीत पहिल्या दिवशी पंतप्रधान, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती. मग त्यांनी फळ्यावर वरपासून लिहीत आणलं. राष्ट्रपती, संसद, मंत्रिमंडळ, राज्यपाल, मुख्यमंत्री, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि शेवटी ग्रामपंचायत.

माझी सासू भिकाबाई पुढंच बसली होती. म्हणाली, "म्हंजे आमची शिला समद्यात खाली?"

"खाली नाही आजी, पायाशी. राष्ट्रपतींना तुम्ही मत दिलं नाही, हिला दिलंय."

सासूनं थोडा विचार केला. "राष्ट्रपती बी बाईच हाय म्हणते ना. मंग तिची दोरी कोन वढते?"

"त्याच ओढतात."

"तिला गाठ न्हाई बसत?"

एवढं हसलो की शेजारच्या वर्गातली पोरं डोकावली. पल्लवी मॅडमनी नंतर झेंड्याच्या नियमांचं छोटं पुस्तक दिलं. तीनास दोन असं माप, चक्राचे चोवीस आरे, झेंडा जमिनीला टेकवायचा नाही, फाटका लावायचा नाही. तीन सिंहांची राजमुद्रा खाजगी माणसाला वापरता येत नाही, असंही त्यात आहे. अमृतरावांच्या जीपच्या काचेवर ती केव्हापासून चिकटवलेली आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. आज नवलच झालं. अमृतराव तांड्यावर आले, आमच्या दारात बाजेवर बसले, तिळगूळ घेतला, चहा प्यायले. माझ्या आठवणीत गावातलं मोठं माणूस असं बसलेलं नाही. जाताना जगन त्यांना जीपपर्यंत सोडायला गेला आणि दोघं बराच वेळ बोलत राहिले. मला फार बरं वाटलं. भांडण वाढवून कामं होत नाहीत हे जगन नेहमी सांगतो, ते खरं आहे.

रात्री मी स्वयंपाक करत असताना जगन म्हणाला, "झेंड्याचा खांब गायरानात नको. शाळेच्या भिंतीलगत लावू."

मी गायरानाची मोकळी जागा धरली होती. तिथं अमृतरावांचा पुतण्या दरवर्षी हळद वाळवतो, पण जमीन सरकारी आहे.

"काहून?" मी विचारलं.

"आता काढणी लागली. त्यांची हळद कुठं जाईल? एवढा मोठा माणूस आपल्या दारात आला, तू एवढं बी ऐकणार न्हाईस का?"

ऐकलं मी. त्यांनी एक पाऊल टाकलं, आपणही टाकावं.

१६ जानेवारी

पल्लवी मॅडमनी भिंतीलगतची खूण पाहिली आणि वर बोट केलं. "ताई, वरून तार गेली आहे."

मी जगनला सांगितलं. तो म्हणाला, "पाइप उभा करायच्या दिवशी लाइन बंद ठेवायला सांगतो. माझी वळख हाय. उभा झाल्यावर तार लांब ऱ्हाते, मी मोजून पाह्यलं."

१९ जानेवारी

प्रेमदासनं नांदेडहून झेंडा आणला, खादीचा. प्रेमदास माझा दीर, जगनचा धाकटा भाऊ. निम्मा तांडा ऊसतोडीला गेला आहे. तोही बायकोला, संगिताला, घेऊन जाणार होता. मीच अडवलं. गावाच्या पाण्याची मोटर चालवायचं काम दिलं. संगिता या वर्षी पहिल्यांदा संक्रांतीला स्वतःच्या घरात होती, तिनं सगळं घर सारवून काढलं.

झेंडा त्यानं बाजेवर पसरला. संगितानं हात पुसून मग कापडाला हात लावला. "मऊ हाय," म्हणाली. प्रेमदास म्हणाला, "वहिनी, पाइप आमी उभा करतो. कंत्राटदार बिंत्राटदार नको. तांड्याचा झेंडा, तांड्याच्या हातानं."

२४ जानेवारी

जगन दिवसभर नव्हता. पंचायत समितीच्या निवडणुका कधीतरी लागतील, उमेदवारीची बोलणी डोंगरकडा गावी चालू आहेत म्हणे. अमृतराव त्याला सोबत नेतात. आपल्या तांड्यातला माणूस अशा बैठकीत बसतो याचं मला कौतुक आहे. संध्याकाळी आल्यावर मी लाइनीचं विचारलं. म्हणाला, उद्या दुपारी बंद होईल.

२५ जानेवारी

प्रेमदास गेला.

२८ जानेवारी

आज लिहिते. नाही लिहिलं तर मी मलाच वेगळं काही सांगायला लागेन.

रविवारी दुपारी शाळेपाशी चौघं जमले. खड्डा खणून झाला होता. माती दबावी म्हणून प्रेमदासनं त्यात पाणी ओतलं आणि चपला काढून खड्ड्यात उतरला. लोखंडी पाइप आडवा पडला होता. जगनला फोन लावला, उचलला नाही. तो सकाळीच अमृतरावांच्या जीपमधून वारंगा फाट्याला गेला होता, तिथं कुणी पुढारी येणार होते. आम्ही थांबलो. तेवढ्यात घरातून सासू ओरडली, "लाइट गेली! माझा टीव्ही बंद पडला."

मी शाळेच्या ओट्यावर उभी होते. मी म्हणाले, "केली बंद त्यांनी. घ्या उचलून."

प्रेमदास हसला. "सरपंचबाईचा हुकूम."

पाइप उभा होत आला आणि वरून कलला. आवाज फार मोठा झाला नाही. तिघं बाजूला फेकले गेले, एकाचे तळहात भाजले. प्रेमदास पाण्यात उभा होता. त्याचा हात सुटला नाही.

घरांची लाइट वेगळ्या तारेवर आहे आणि शाळेवरून जाते ती शेतीच्या मोटारींची. हे वायरमननं नंतर सांगितलं. त्या दिवशी घरांची लाइट नेहमीसारखी गेली होती. कुणी बंद केली नव्हती.

सव्वीसला सकाळी आम्ही कळमनुरीच्या दवाखान्यात प्रेत मिळायची वाट बघत बसलो. बाहेर सगळीकडं गाणी वाजत होती. गाडी तांड्याकडं निघाली तेव्हा वारंगा फाट्यावर झेंडावंदन करून परत चाललेली शाळेची लेकरं रस्ता ओलांडत होती, छातीवर कागदी झेंडे लावून. संगितानं काचेतून त्यांच्याकडं पाहिलं. आमच्या गावातही झेंडा वेळेवर उघडला, अमृतरावांनी. सुतकात सरपंच येणार नाही हे त्यांनी धरूनच चाललं होतं, आणि ते बरोबरच होतं.

दारात प्रेत ठेवलं. बाया रडत होत्या. संगिता रडत नव्हती. ती एकदम माझ्याकडं वळली. "ताई, ते कापड कुठं हाय?"

"कोणतं?"

"झेंडा. त्याच्या अंगावर टाका. त्याच्यापायीच गेला ना त्यो?"

बंदोबस्ताला आलेला पोलीस म्हणाला, "बाई, तसं चालत नाही. ते सैनिकाला असतं."

मला नियम माहीत होता. त्या पुस्तकातलं ते पान मी वाचलेलं होतं. सरकारी इतमामाची अंत्ययात्रा किंवा सैन्य आणि निमलष्करी दलांची अंत्ययात्रा, एरवी झेंडा अंगावर घालता येत नाही. मी संगिताला म्हणाले, "सरकारी हुकूम लागतो गं."

ती म्हणाली, "तुमी सरकार न्हाई का?"

मी आत गेले आणि कपाटातून झेंडा आणून तिच्या हातात दिला. तिनं तो त्याच्या अंगावर पसरला, गळ्यापासून पायापर्यंत, आणि मग ती रडली. सरणावर ठेवल्यावर मी तो काढून घेतला. जळू द्यायचा नाही एवढा तरी नियम पाळला. काढताना त्याचा काळा पडलेला हात उघडा झाला आणि तो मी पदरानं झाकला.

जगन तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. अग्नी दिल्यावर जगन माती हातात धरून बसून राहिला. भाऊ गेला, माणूस काय करणार.

३१ जानेवारी

वीज कंपनीचे साहेब येऊन गेले. लाइन बंद करा म्हणून त्यांच्याकडं कुणाचं सांगणं आलेलं नाही म्हणाले. जगन म्हणतो, त्यानं फोन केला होता, साहेबलोक हात झटकून राहिले. मलाही तसंच वाटतं. मोठी ऑफिसं अशीच असतात.

ठाण्यात अकस्मात मृत्यू अशी नोंद झाली. म्हणजे कुणाचा दोष नाही.

३ फेब्रुवारी

दोष एका गोष्टीचा निघाला. अंत्ययात्रेचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. गावातून तक्रार गेली आहे की राष्ट्रध्वजाचा अवमान झाला. पोलीस आले, पंचनामा केला, झेंडा घेऊन गेले. कायदा एकाहत्तर सालचा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीखाली अमृतरावांच्या पुतण्याची सही आहे. ज्या जीपमधून तो ठाण्यात गेला तिच्या काचेवर तीन सिंह आहेत.

माणूस मेला त्याला कुणी नाही, आणि कापडाला एवढे धनी निघाले. हे लिहितानाही भीती वाटते, कारण मला तो झेंडा खरंच प्रिय होता. आहे.

५ फेब्रुवारी

अमृतराव आले. पुतण्या पोरकट आहे, त्याला समजावतो म्हणाले. पण गुन्हा लिहिलाय तर कुणाचं तरी नाव लागणारच. "संगिताचं सांगा. बाई दुःखात व्हती, भान नव्हतं. तिला कोन काय करते? ताई, तुमचं नाव आलं तर पद जाईल. जगनरावांचं बी पुढचं बिघडंल."

जगन म्हणाला, "बराबर हाय त्यांचं."

मी म्हणाले, "झेंडा मी दिला."

"कुणी पाह्यलं?" जगन म्हणाला.

एवढा दुःखात असूनही तो माझ्या पदाची काळजी करतो. पण हे मला जमणार नाही असं मी सांगितलं. अमृतराव चहा न घेताच उठले.

६ फेब्रुवारी

संगिता आमच्या घरी येत नाही. जगन घरात असला तर ओसरीवरसुद्धा चढत नाही. आज मीच तिच्याकडं गेले. चूल पेटलेली नव्हती. पोलिसांकडं तिचं नाव जाणार नाही असं मी सांगितलं.

ती म्हणाली, "माझं नाव जाऊ द्या ताई, मला काय. तुमी फकस्त दादांना एक विचारा. फोन केला व्हता का?"

"केला होता. तिकडून उचलला..."

"विचारा."

घरी येऊन विचारलं. जगननं ताट भिंतीवर फेकलं. "माझा भाऊ गेला आन् तू मलाच तपासून राहिलीस?" सासू कोपऱ्यात बसून होती. उठून तिनं भाताची शितं एकेक करून गोळा केली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही आणि त्याच्याकडंही नाही.

मी विचारायला नको होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

फौजदार जबाब घ्यायला तांड्यावर आले. शाळेच्या ओट्यावर टेबल टाकलं. पल्लवी मॅडमनी लेकरांना लवकर सोडलं. विश्वंभर साहेब, अमृतराव, तांड्यातली माणसं, सगळे होते. जगन भिंतीला टेकून उभा. संगिता पदर घेऊन बायांत बसली होती, तिच्याशेजारी सासू.

मी उभी राहिले. मी म्हणाले, "झेंडा मी दिला. संगितानं मागितला, पण कपाट माझं आणि हात माझा. तिचं नाव लिहू नका."

फौजदारांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "खांबाची जागा कुणी ठरवली?"

"मी."

"तारेखाली?"

"गायरानात ठरवली होती. मग बदलली. सही माझी आहे."

"पाइप उचला असं कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. लाइन बंद झाली असं वाटलं. माझ्या मालकांनी फोन केला होता."

फौजदारांनी जगनकडं पाहिलं. "काय हो? कुणाला केला फोन?"

जगन म्हणाला, "मी फोन करतो असं म्हणालोच न्हवतो. ते सरपंचाचं काम हाय."

मला आधी वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी त्याच्याकडं वळले. तो अमृतरावांकडं बघत होता आणि अमृतराव आपल्या चपलांकडं. एका क्षणात सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. तिळगूळ, जीप, गायरान, हळद, डोंगरकडा. फौजदार म्हणाले, "बाई, मग कुणी सांगितलं होतं? का असंच?"

तेव्हा सासू उठली. गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठली. फौजदार म्हणाले, "आजी, बसा, तुमचा जबाब नाही."

"घ्या माझा बी."

"तुम्ही कोण?"

"मेला त्याची माय. ह्यो उभा हाय त्याची बी." तिनं जगनकडं बोट केलं नाही, नुसती मान हलवली. "त्या दिशी सकाळी धाकटा ह्याच्या जीपमागं पळत गेला. दादा, लाइनीचं सांगून जा म्हणला. ह्यो म्हणला, मीटिंग झाल्यावर करतो, तुमी घाई करू नका. फोन केला न्हाई त्यानं. मी दारात व्हते. घाई मी केली. लाइट गेली म्हणून मीच वरडले. माझं बी नाव लिहा."

"याये," जगन म्हणाला. लहानपणी आईला हाक मारावी तसं, आमच्या बोलीत.

सासू म्हणाली, "दोन हफ्ते गप ऱ्हायले. एकच उरला म्हणून. पर आज ह्या शिलाच्या गळ्यात घालून राहिलास तू. तिच्या न्हाई घालायचं."

फौजदारांनी ते लिहून घेतलं. सासूचा अंगठा घेतला. अमृतरावांची जीप त्याच्या आधीच निघून गेली होती.

१० फेब्रुवारी

झेंड्याचा गुन्हा माझ्यावर दाखल झाला. निष्काळजीपणाचा वेगळा गुन्हा नोंदवायचा म्हणतात, त्यात जगनचं नाव येईल आणि माझंही. अविश्वास ठरावाच्या सह्या गावात सुरू झाल्या आहेत. विश्वंभर साहेबांनी हळू आवाजात सांगितलं, जसं काही तेच चुकले आहेत.

मी काल संध्याकाळीच माझं अंथरूण उचलून संगिताकडं आले. तिनं बाजेवर सरकून जागा केली. चूल मी पेटवली. आम्ही दोघी जेवलो.

सासूला मी म्हणाले होते, तुम्ही पण चला. ती म्हणाली, "मी कुठं येऊ? त्याला वाढायला कोन हाय?"

संगिताच्या दारातून आमची ओसरी दिसते. जगन भिंतीकडं तोंड करून बसला होता. सासूनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, भाकरी मोडून दिली, पाण्याचा तांब्या सरकवला. तो खात नव्हता. ती समोर बसून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं पहिला घास घेतला, आणि तेव्हा कुठं तिनं पदर तोंडात कोंबला. तिच्या कोणत्या लेकासाठी, ते मला इथून कळलं नाही.